तळघरातली सवत

परवा एक पाहुणा माझ्याच ओट्यावर बसून मला माझ्या सवतीची गोष्ट सांगायला लागला. शेजाऱ्यांकडे आलेला, पायात चकचकीत बूट, तोंडात पान. म्हणाला, "आजी, तुमच्या या बोळात जमिनीखालचा गुत्ता होता ना पूर्वी? तिथं म्हणे एक बाई अजून फिरते. केस मोकळे, पाय उलटे, हातात दारूचा पेला." मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "पेला नव्हता हातात." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारीला भूत दिसतं. मेल्या, ते भूत ज्या घरात घडवलं त्या घरात मी जन्म काढलाय, आणि तू मला सांगतोस? चहाचं आधण चुलीवर होतं, ते मी उतरवून ठेवलं. गेला तसाच.

तेव्हा एकदा सांगूनच टाकते. म्हणजे पुन्हा कोणी माझ्या ओट्यावर बसून उचलली जीभ लावली टाळ्याला असं करायला नको.

भद्रकालीकडून गंगेकडे, म्हणजे आमच्या नदीकडे, उतरताना आमचं घर. घराखाली दगडी तळघर. पेशवाईत कुणा सावकारानं धान्य भरायला बांधलेलं, म्हणून सगळे त्याला पेव म्हणत. माझ्या आजेसासऱ्यांनी घर घेतलं आणि धान्याच्या जागी दारूची पिंपं लावली. परवाना सरकारी, दारू सरकारी, फक्त अंधार घरचा. रस्त्यावरून वाकून आत शिरायचं, की भर वैशाखातसुद्धा गारवा. टांगेवाले यायचे, हमाल यायचे, कचेरीतले कारकून उपरण्यानं तोंड झाकून यायचे. गंगेवर बुडी मारून थेट पेवात उतरणारेही होते, त्यांच्या कपाळाचं गंध ओलंच असायचं. घरातूनही खाली जायला एक वाट होती. स्वयंपाकघराच्या मागं छोटं दार आणि त्यातून उतरणारा अरुंद दगडी जिना. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दाराला कडी घातलेली होती आणि ती काढायची नाही असा सासूबाईंचा हुकूम होता.

पण परसात मोरीजवळ पेवाचा झरोका होता. भांडी घासायला बसलं की खालचं सगळं ऐकू यायचं, वाकलं तर थोडं दिसायचंही. त्या झरोक्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या शाळेनं शिकवलं नसतं. शाळेत मला कोणी घातलंच नव्हतं म्हणा.

गुत्ता म्हटला की भूत आलंच. आजेसासऱ्यांच्या वेळी ते भूत अरबाचं होतं. सावकाराच्या धनावर पहारा करायला जिवंत पुरलेला म्हणे. लोक धनाच्या आशेनं यायचे, भिंतींवर बोटं वाजवून बघायचे आणि दोन पेले जास्त प्यायचे. सासऱ्यांच्या वेळी प्लेग आला तेव्हा त्यांनी नवीन भूत काढलं, पेवात लपून मेलेल्या प्लेगच्या रोग्याचं. ते काही चाललं नाही. प्लेगाच्या नावानं गिऱ्हाईकच पळायला लागलं, मग त्या भुताला गुपचूप रजा दिली. आणि आमच्या ह्यांच्या राज्यात भूत झालं कोणाचं, तर ह्यांच्याच पहिल्या बायकोचं. घरचंच होतं, आणायला कुठं जायला नको.

गोष्ट अशी सांगायचे. मालकाची पहिली बायको चोरून दारू प्यायची. एका दुपारी पिऊन झिंगली, घरच्या जिन्यावरून खाली कोसळली, मान मोडून मेली. तहान काही भागली नाही, म्हणून हडळ होऊन पेवातच राहिली. जो आपला पहिला घोट तिला देणार नाही, त्याच्या मागोमाग ती घरापर्यंत जाते. त्यासाठी भिंतीतल्या कोनाड्यात एक पितळी वाडगा ठेवलेला. वाडग्याला हळदकुंकू. येईल त्यानं बसण्याआधी आपल्या पेल्यातला पहिला घोट त्यात ओतायचा. त्याला 'बाईचा घोट' म्हणायचे. भले भले मिशीवाले हात जोडून ओतायचे.

आणि दुकान बंद करताना आमचे हे काय करायचे, सांगू? वाडगा उचलून सरळ पिंपात रिकामा करायचे. दुसऱ्या दिवशी तीच दारू त्याच लोकांना विकायची. मी झरोक्यातून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होते, इथं तर स्वतःच्या बायकोचं मढं!

ही गोष्ट सांगायला एक माणूस ठेवला होता. पेन्शनीतला हवालदार. आवाज खर्जातला, मिशा पांढऱ्या, सांगताना मध्येच थांबून जिन्याकडं बघायचा, की नवखं गिऱ्हाईक पेला पोटाशी धरायचं. ह्यानं रोज गोष्ट सांगायची आणि आमच्या ह्यांनी त्याला फुकट पाजायचं, असा दोघांचा करार. चळवळीतल्या बायका दारूच्या दुकानांपुढं धरणं धरायला लागल्या तेव्हा आमच्याही दारात येऊन बसल्या. हवालदारानं त्यांनाही हडळ सांगितली. त्यातली एक म्हणाली, "मग बरंच झालं, आमच्यात आणखी एक बाई." त्या दिवशी मी परसात तोंडात पदर घालून हसले. त्या घरात मी हसले असे दिवस थोडेच.

आता माझं सांगते. माझे वडील मखमलाबादेकडे भाजी आणि फुलं पिकवायचे. घरात पाच मुली. मी पंधराची झाले आणि मला या बिजवराला दिली. आई रडत म्हणाली, "खायला-ल्यायला कमी नाय बये, लय मोठं दुकान हाय." दुकान कसलं ते तिनं विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही.

आल्या आल्या सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाक बांधला. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. सवतीचा टाक. पहिली मेली असली की दुसरीनं तो घालायचा, म्हणजे मेलेली दुसरीला त्रास देत नाही. नवं लुगडं नेसायचं तर आधी टाकाला लावायचं, कुंकू लावायचं तर आधी टाकाला, जेवायला बसलं की पहिला घास टाकाला दाखवायचा. मला ताप आला तर सासूबाई म्हणायच्या, "काहीतरी राहिलं असेल तिला द्यायचं." भाकरी करपली तरी तीच. मी त्या सवतीचा इतका राग राग केला की विचारू नका. मेलेली बाई, तरी प्रत्येक गोष्टीत माझ्या आधी. आणि वर दारुडी!

घरात एक थाळा होता, पितळी, चांगला जड. त्याची कड एका बाजूनं आत चेपलेली. ह्यांना रोज त्यातच वाढायचं. मी म्हटलं, "तांबट दोन बोळ सोडून तर आहे, ठोकून आणते." सासूबाई खेकसल्या, "काही नको. आहे तसा राहू दे. फार शहाणी आलीस." नव्या सुनेला शहाणी म्हणणं म्हणजे शिवीच.

आणि पोर. सवतीची मुलगी. मी आले तेव्हा असेल पाचसहा वर्षांची, बोरासारखे डोळे, अंगावर मांस नाही. ती 'आई' हा शब्दच उच्चारायची नाही. सासूबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की, "तिचं नाव काढलंस की ती वर येईल आणि तुला खाली नेईल." मला ती 'नवी' म्हणायची, आजीचं ऐकून, आणि बापाला 'आबा'. मोरीवर कधी एकटी यायची नाही, झरोका होता ना. बोळातली मुलं तिच्यामागं 'हडळीची, हडळीची' म्हणून ओरडायची. एकदा मी चुलीतलं लाकूड घेऊन त्यांच्यामागं धावले. सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या पोरांना कशाला मारतेस? खोटं का बोलतात ती?"

स्वतःच्या नातीला! अशा बाईच्या हातचं पाणी पिऊन मी दिवस काढले.

वर्षं गेली. मला मूल झालं नाही, तेही सवतीच्याच माथी मारलं. पोर वाढली, माझ्या खांद्याला लागली. तिला बघायला ओझरकडची माणसं आली. शेतकरी, बऱ्यापैकी घर. मी पोहे केले, तिला माझं लग्नातलं लुगडं नेसवलं. मुलाच्या आईनं तिला चालून दाखवायला लावलं, केस सोडून बघितले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "हिची आई म्हणजे तीच ना, पेवातली?" त्या बाईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "पिणारीची पोर आम्हाला नको, आणि हडळीची तर नकोच नको. उद्या ती हिच्यामागून आमच्या घरात आली तर?" उठले, निघाले. आमचे हे त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले आणि आल्या आल्या खाली दुकानात उतरले. पोर लुगडं न सोडताच कोपऱ्यात बसून राहिली. माझ्याकडं बघून म्हणाली, "नवी, मीपण तशी होणार का गं?"

मी मनात म्हटलं, मेली ती मेली, पण ही जिवंत आहे. या घरात अशीच राहिली तर हिला कोणी नेणार नाही, आणि ही आपल्याच आईला भिऊन भिऊन एक दिवस वेडी होईल. काहीतरी करायला पाहिजे. पण माझ्या हातात काय? पळी आणि पोळपाट.

पितृपंधरवडा आला तेव्हा मला सुचलं. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिच्या नावानं अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. आमच्याकडं ते नीट कधी झालंच नव्हतं. हडळीच्या नावानं जेवायला बोळातली एकही सवाष्ण यायला तयार नसायची. मग सासूबाई वाडग्यात जास्तीची दारू ओतायच्या आणि म्हणायच्या, "तिला तेच आवडायचं." मी ठरवलं, या वर्षी सवाष्ण मी आणणार. पोरीची सख्खी मावशी सिन्नरला होती. बहिणीच्या तेराव्याला तिनं आमच्या ह्यांना भर पंक्तीत शिव्या घातल्या होत्या म्हणे, तेव्हापासून तिचं येणंजाणं बंद. सिन्नरच्या बाजाराला जाणारा आमच्या वडिलांचा ओळखीचा एक गाडीवान होता, त्याच्याजवळ मी निरोप धाडला की बहिणीच्या नावानं जेवायला ये.

घरात सांगितलं तेव्हा हे भडकले. पण मी मुद्द्याचं पुढं सांगितलं. "पान खाली पेवात वाढायचं."

"डोकं फिरलंय का तुझं? दुकानात श्राद्ध?"

"अहो, ती खालीच राहते असं तुम्हीच सांगता ना सगळ्या गावाला? मग वर पान वाढून काय उपयोग? ती काय जिना चढून येणार आहे?"

हे बरोबर कात्रीत सापडले. खोटं म्हणावं तर धंदा बुडतो, खरं म्हणावं तर पान खाली वाढावं लागतं. आणि गंमत म्हणजे माझ्या मदतीला आल्या कोण, तर सासूबाई. त्या भूत विकत होत्या, पण भीतही होत्या. ह्यांना म्हणाल्या, "नवी बोलते त्यात चूक काही नाही. इतकी वर्षं राहिलं, म्हणून तर घरात पाळणा हलत नाही. वाढा खाली." झालं. ज्याचा वाडगा त्याच्याच डोक्यावर.

मावशी आली. काळीसावळी, धिप्पाड, आल्यापासून आमच्या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. पोरीला जवळ घेऊन नुसती तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

श्राद्धाची वेळ भर दुपारची. मी खीर, वडे, कढी, घोसाळ्याची भजी, आमसुलाची चटणी सगळं केलं. दुकान बंद ठेवायला हे तयार नव्हते. "गिऱ्हाईक बसेल एका बाजूला, तुमचं उरका तुम्ही," म्हणाले. गिऱ्हाईक कसलं बाजूला बसतंय! बातमी फुटलेली. हडळीचं जेवण बघायला पेव गच्च भरलं. हवालदार तर नवऱ्या मुलाच्या मामासारखा पुढं येऊन बसला. मावशी रस्त्याच्या बाजूनं आत उतरली, तिच्यासाठी कोनाड्यासमोर पाट मांडलेला. नाकाला पदर लावून बसली बिचारी.

मी स्वयंपाकघरातून निघाले. इतक्या वर्षांची कडी दगडानं ठोकून काढली. हातात वाढलेलं पान, ते ताटात ठेवलेलं. पोरीला म्हटलं, "तू पाण्याचा तांब्या घे, माझ्यामागून ये." ती दारातच अडली. म्हटलं, "मी आहे ना पुढं." ती आली. जिना अंधारा, पायऱ्या झिजलेल्या. खाली पिंपं विसळतात तो ओलावा वरपर्यंत चढलेला, त्यावर शेवाळ. धरायला काही नाही. मी एक हात भिंतीला टेकवत उतरत होते, तेवढ्यात मागून माझा पदर खेचला गेला.

"सांभाळून," पोर म्हणाली. "आई इथंच पडली."

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी वळले. ती त्या पायरीकडं बघत होती, जणू कोणीतरी तिला ती आताच दाखवली. म्हणाली, "आईच्या हातात ताट होतं. आबांचं जेवण. आबा वर येत नव्हते गिऱ्हाईक सोडून, म्हणून ती रोज खाली आणायची. मी मागं होते. माझ्याकडं तांब्या होता."

हे गल्ल्यावरून ओरडले, "पोर आहे ती! एवढीशी होती, तिला काय आठवणार?"

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी म्हटलं, "बोल गं तू. मोठ्यानं बोल. कोणी खात नाही तुला."

पोर खाली उतरली, बापासमोर उभी राहिली. मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही माप भरत होता. आई पडली, मी ओरडले. तुम्ही आधी माप भरून त्या माणसाला दिलंत. मग आलात."

मी ह्यांच्याकडं बघत होते. नाही म्हणायचं होतं तर तेव्हाच म्हणायचं. माणसानं एका शब्दानं ते नाकारलं नाही. आणि तेवढ्यात तो हवालदार, गोष्टी सांगून सांगून जीभ सैल झालेला, बोलून गेला, "मालक, ती पडायच्या आधीच अबकारीचा साहेब तुम्हाला सांगून गेला होता हो, त्या जिन्याला कठडा लावा, नाहीतर परवाना काढून घेईन."

मावशी पाटावरून उठली. "म्हणजे परवाना जाऊ नये म्हणून माझी बहीण दारुडी? आणि हवालदार, तिच्या अंगाला वास येत होता म्हणालात तुम्ही. चौकशीला तुम्हीच आला होतात ना?"

"वास लुगड्याला होता," हवालदार पुटपुटला. "पडली तिथं दारू सांडलेली होती. मालक म्हणाले पीत होती, मी म्हटलं असेल."

असेल! एका 'असेल'वर एका बाईची हडळ केली आणि तिच्या लेकीचं आयुष्य नासवलं. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण बोलता बोलता मला काहीतरी आठवलं, मी ताट तिथंच ठेवलं आणि धावत वर गेले. चुलीजवळ तो थाळा होता, चेपलेल्या कडेचा. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांना दाखवला. "हाच ना? हाच होता तिच्या हातात?"

त्या म्हणाल्या, "चांगल्या पितळेचा होता गं. टाकून कसा देणार?"

तुम्ही सांगा, या बाईला काय म्हणायचं. ज्या ताटासकट सून जिन्यावरून कोसळली त्या ताटात ही रोज लेकाला वाढायची, तांबटाकडं दिला तर तांबट विचारेल म्हणून तसाच ठेवायची, आणि नातीला सांगायची की तुझी आई हडळ आहे. मी थाळा खाली आणून ह्यांच्यासमोर गल्ल्यावर आदळला. त्यांनी मान वर केली नाही.

गिऱ्हाईक एकेक करून उठायला लागलं. कोणी पेला अर्धा टाकून गेला, कोणी पुरा करून गेला. मावशीनं कोनाड्यातला वाडगा उचलला आणि भरलेला तसाच बाहेर गटारात पालथा केला. मग परत येऊन पाटावर बसली, पोरीला मांडीशी घेतलं आणि म्हणाली, "जेवते मी तिच्या नावानं. तूही जेव." पोर पानाकडं बघत होती. म्हणाली, "मावशी, आई त्या दिवशी जेवली नव्हती. ती आबांच्या नंतर जेवायची."

मावशीचा हात घासावर तसाच राहिला. इतकी वर्षं त्या बाईला आम्ही दारू पाजत होतो. सगळं गाव हात जोडून तिला दारू पाजत होतं.

मावशी त्याच दिवशी पोरीला सिन्नरला घेऊन गेली. हे अडवायला आले नाहीत, पोचवायलाही आले नाहीत. गाडीत बसताना पोरीनं मला विचारलं, "आईचं नाव आता घेतलं तर चालेल ना?" म्हटलं, "रस्ताभर घे." दोन वर्षांनी तिचं लग्न तिथंच झालं, चांगल्या घरात. तिच्या पहिल्या मुलीला तिनं आईचंच नाव ठेवलं.

गुत्ता मात्र बंद पडला नाही. तसं व्हायला काय ती कीर्तनातली कथा होती? जिन्याला कठडा लागला, तेवढंच. आणि तो हवालदार! काही दिवसांतच मी परसात भांडी घासत असताना झरोक्यातून त्याचा खर्जातला आवाज आला. गोष्ट बदलली होती. आता हडळीच्या हातात ताट होतं. "बाई जिना उतरते आणि म्हणते, जेवून घ्या..." माझ्यासमोर खरकट्या पाण्याची बादली होती. झरोक्यातून अख्खी ओतली. खाली जी बोंब उठली, ती ऐकून बोळातल्या बायका गच्चीवर आल्या. पुढं दारूबंदी आली, पेवात आता बादल्या-घमेल्यांचं गोदाम आहे. गोष्ट तेवढी राहिली, आणि लोकांनी हातात पुन्हा पेलाच दिला. ताटापेक्षा पेला बरा दिसत असेल हडळीला.

पण त्या नवमीच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मावशीची गाडी गेली, पेव रिकामं होतं, सासूबाई अंथरुणावर तोंड भिंतीकडं करून पडल्या होत्या. हे नेहमीच्या वेळी स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसायला लागले. मी माझं पान वाढून घेतलं होतं. गळ्यातला टाक हातात धरला, पहिला घास त्याला लावला. म्हटलं, "घे बाई. पोटभर जेव." आणि मग मी जेवायला लागले. हे उभेच राहिले. माझ्या माहेरी नाही, सासरी नाही, अख्ख्या बोळात कुठल्या बाईनं नवऱ्याआधी तोंडात घास घातलेला मी पाहिला नव्हता.

"माझ्याआधी?" हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "या घरातली एक बाई उपाशी मेली आहे."

ते दारात उभे राहून माझं जेवण होईपर्यंत थांबले. मी सावकाश जेवले, खीर दोनदा घेतली, हात धुतले. मग त्यांना वाढलं, त्या चेपलेल्या थाळ्यात. सासूबाई पुढं कितीदा म्हणाल्या की तो तांबटाकडं देऊन टाक, नवा घे. मी दिला नाही. ते जगले तोवर मी रोज त्यांच्याआधी जेवले, आणि त्यांना रोज त्याच थाळ्यात वाढलं.